गुलदार जहाज बुडवण्याला विरोध नाही, पण आमच्या नांगरांचं काय?

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या प्रवाळावर स्कुबाच्या होड्यांसाठी कायमचे बोये (होडी बांधायचे तरंगते गोळे) बसवण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा होडीवाला. वडिलांचं आयुष्य रापणीच्या मासेमारीत गेलं. मी गेली चौदा वर्षं पर्यटकांना स्कुबाला नेतो. हाच विषय मी साध्या अर्जात लिहून दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता उघडच लिहितो.

नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. दिवसाची चौथी फेरी. पाहुणे वर आले, टॉवेल गुंडाळून बसले आणि मी नांगर ओढायला घेतला. तो काही येईना. आमचे नांगर म्हणजे लोखंडी सळ्या वाकवून जोडलेल्या चार पाकळ्या, खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकात, एखादी पाकळी रुतली की रुतली. पोराने इंजिन चालू करून होडी थोडी पुढे घेतली, दोराला हिसका बसला आणि नांगर सुटला. वर आला तेव्हा एका पाकळीत तुकडा अडकलेला. बाहेरून तपकिरी, हाताला बुळबुळीत, सगळीकडे सुईच्या टोकाएवढी भोकं. तुटलेली बाजू मात्र पांढरीफेक, नव्या खडूसारखी. होडीतल्या एका बाईंनी विचारलं, "दगड आहे का हो हा? घरी नेऊ शोकेसमध्ये ठेवायला?"

नाही म्हटलं आणि तुकडा परत पाण्यात सोडला. संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते जाळं सांधत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "दगड नाय रे तो, जित्तो आसा." माझे वडील शाळेत चौथीपर्यंत गेले.

ते बरोबरच म्हणाले. तो प्रवाळ होता, हजारो बारक्या जिवांनी मिळून बांधलेला. आमच्या किल्ल्यामागे गोल ढेकळासारखे जे प्रवाळ दिसतात ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. माझ्या नांगराला आलेला तुकडा वीतभर होता. म्हणजे माझी थोरली मुलगी जन्मली त्या सुमारास त्याची सुरुवात झाली असणार. ती आता कुडाळला कॉलेजात जाते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून प्रवाळ आहे. त्याच अनुसूचीत वाघ आहे. त्या हिशेबाने मी त्या दिवशी काय केलं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मी हे सहीनिशी लिहितोय, त्याचं काय करायचं ते आपण ठरवा. पण कारवाई करायचीच तर एकट्या माझ्यावर नको, कारण त्या दुपारी त्याच जागेवर मी सव्वीस होड्या मोजल्या होत्या आणि सव्वीसही नांगरावर होत्या.

जरा गणित करा साहेब. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत जलक्रीडा बंद असतात. उरलेल्या महिन्यांतले वाऱ्याचे, गढूळ पाण्याचे, आजारपणाचे, गणपतीचे दिवस सोडले तर माझी होडी दोनशे दिवस तरी चालते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर एका सीझनला आठशे वेळा नांगर खाली जातो. ही एका होडीची गोष्ट झाली.

"मग वाळूत टाका ना नांगर," असं मला एका साहेबांनी सुचवलं होतं. सूचना चांगली आहे. पण वाळू जिथे आहे तिथे बघायला काही नाही, आणि जिथे बघायला आहे तिथे खडप आहे. त्यात पहिल्यांदा उतरणारा पाहुणा. त्याला होडीच्या शिडीवरून सरळ खाली न्यावं लागतं, शंभर मीटर पोहत नाही नेता येत. शिवाय सगळी जागा वापरता येते असंही नाही. किल्ल्याच्या आडोशाला लाट तुटते म्हणून तिथे पाच ते आठ मीटर पाण्यात नवख्या माणसाला उतरवता येतं. आडोशाबाहेर गेलं की होडी आणि पाहुणा दोघेही लोळतात. त्यातून पाणी निवळ हवं. पुनव-अवसेच्या उधाणाला तळाचा गाळ वर येतो, स्वतःचा हात दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतं, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी कमी खेळतं, तेव्हा चांगलं दिसतं. म्हणजे चांगले दिवस थोडे, चांगली जागा त्याहून थोडी, आणि सगळ्यांना तिथेच जायचं असतं. बोर्ड वाचून येणाऱ्या पाहुण्याला भांग काय नि उधाण काय, त्याची सुट्टी शनिवार-रविवारची.

आता गुलदारबद्दल.

नौदलाची आयएनएस गुलदार १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाली. पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ सालच्या अखेरीस नौदलात आलेली, रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी, सुमारे ८३ मीटर लांबीची. नौदलाने ती महाराष्ट्राला दिली, आणि मालवणच्या दक्षिणेला निवतीच्या समुद्रातल्या खडकाजवळ ती तळाला बसवून पाण्याखालचं संग्रहालय, कृत्रिम प्रवाळ आणि पाणबुडीची सफर असा ४६.९१ कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला. बातमी आली तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले. मीही खाल्ला. बुडालेल्या जहाजावर मासळी धरते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. जुनी होडी फुटून कुठे तळाला गेली असेल तर ती जागा म्हातारे तांडेल मरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत, तिथे गोबरे मासे मिळतात म्हणून. जहाजातलं तेल, वायरी, जुना रंग नीट काढून ते बुडवलं तर पाच-दहा वर्षांत त्यावर काय उभं राहील याची मलाही उत्सुकता आहे. निवतीकडे जाळी टाकणाऱ्यांची जाळी त्याला अडकणार, त्यांच्याशी आधी बसून बोला, एवढंच त्याबाबत सांगणं.

पण प्रत्येक सभेत एक वाक्य ऐकतो, की गुलदार झाली म्हणजे मालवणच्या प्रवाळावरचा ताण कमी होईल. साहेब, तो कमी होणार नाही. कसा, ते सांगतो.

माझ्या होडीत येणारी शंभर माणसं घेतली तर त्यात डायव्हिंगचं सर्टिफिकेट असलेला एखादा सापडला तर सापडला. बाकीचे सांगली, लातूर, जळगावहून टेम्पो ट्रॅव्हलरने आलेले. सकाळी किल्ला, दुपारी स्कुबा, रात्री सुरमई थाळी आणि उद्या गोवा. बऱ्याच जणांना पोहता येत नाही. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला नियमाने बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि साधं पहिलं सर्टिफिकेट असलं तरी अठरा मीटरपर्यंतच. मागच्या वर्षी लातूरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, वय बासष्ट. समुद्रच पहिल्यांदा बघत होत्या. दोन मीटरवर त्यांच्या कानात दडे बसले, मी खूण केली, त्यांनी नाक चिमटीत धरून हवा सोडली, मान हलवली, आणखी खाली आल्या. पट्ट्यापट्ट्यांचे मासे अंगाभोवती फिरायला लागले तशा त्या मास्कच्या आत रडायला लागल्या. वर आल्यावर पहिलं वाक्य काय? "मी त्या दगडावर पाय तर नाही ना ठेवला?" चौदा वर्षांत हा प्रश्न विचारणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. त्या बाईंना निवतीच्या उघड्या समुद्रात, करंटमध्ये, युद्धनौकेच्या डेकवर नेणार आहात का? पाणबुडीत बसून त्या जहाज बघतील, जरूर बघू देत. पण अंगाला पाणी लागायला, हाताजवळून मासा जायला त्या किल्ल्यामागेच येणार. आणि गुलदारच्या जाहिराती बघून जी नवी गर्दी सिंधुदुर्गात उतरेल, तीही उरलेल्या वेळात किल्ल्यामागेच येणार. ताण वाढेल, साहेब.

मग यावर उपाय काय? तो महाग नाही आणि नवा तर अजिबात नाही. जगात जिथे प्रवाळ आणि पर्यटन एकत्र नांदतं तिथे बऱ्याच ठिकाणी कायमचे बोये असतात. खडपांमधल्या वाळूच्या पट्ट्यात टनभर वजनाचा सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, त्याला साखळी, साखळीला दोर, दोर तळाला घासू नये म्हणून मध्ये एक छोटा फ्लोट आणि वर रंगीत बोया. होडी आली की बोयाला दोर बांधायचा, जाताना सोडायचा. नांगराला हात लावायची गरज नाही. पावसाळ्याआधी वरचा भाग काढून घ्यायचा, सप्टेंबरात परत जोडायचा. आम्ही हिशेब मांडला होता, एका बोयाचा सगळा खर्च एका चांगल्या आउटबोर्ड इंजिनापेक्षा कमी येतो.

हिशेब मांडला होता, कारण आम्ही हा उपाय केलाही होता. सात होडीवाल्यांनी वर्गणी काढली. ठोकळा दांडीवर ओतला, त्यात मधोमध लोखंडी कडी. दोन होड्यांच्या मध्ये बांधून नेला, मी स्वतः खाली जाऊन वाळूत बसवला. अडीच महिने तीन-तीन होड्या त्या एका बोयाला आळीपाळीने लागत होत्या. भांडणं झाली, नाही असं नाही, पण नांगर पडला नाही. मग एके दिवशी निरोप आला, की मालवणच्या सागरी अभयारण्यात विनापरवाना बांधकाम केलंय, काढा. मी विचारलं, परवानगी कोण देतं? त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे सांगितलं की तळ आमचा नाही, आम्ही फक्त होडीचं बघतो. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की पर्यटनाचा विषय आहे, वर लिहा. हेलपाट्यांत माझे नऊ दिवस गेले आणि शेवटी आम्हीच बोया कापला. ठोकळा अजून खालीच आहे. त्याच्यावर बारीक प्रवाळ धरायला लागलाय, तेव्हा आता तो काढायचा म्हटलं तरी बहुधा परवानगी लागेल.

तर सध्याचा नियम मला जसा समजला तो असा. अभयारण्यात प्रवाळ वाचवायला ठोकळा ठेवला तर परवानगी हवी, आणि प्रवाळावर दिवसाला शंभर नांगर टाकले तर कुणाची हरकत नाही.

१३ एप्रिल १९८७ रोजी हे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. माझ्या वडिलांच्या पिढीने त्याला विरोध केला होता. मासेमारी बंद होईल ही भीती होती, आणि कुणी विचारलं नव्हतं हा राग. आज मी त्याच अभयारण्याचा प्रवाळ वाचवायला टेबलं झिजवतोय. ते बघून वडील हसतात. हसू देत.

सुरक्षेबद्दल फार लिहीत नाही, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबावरून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्यानंतर काही दिवस लाइफ जॅकेट मोजायला माणूस जेटीवर उभा असायचा. तो परत उभा करा. प्रत्येक होडीवर ऑक्सिजनची बाटली सक्तीची करा, ती आजही फार थोड्या होड्यांवर दिसते. आणि पाचशे रुपयांत स्कुबा करून देणाऱ्यांचे सिलिंडर शेवटचे कधी तपासले होते ते एकदा बघा. तारीख सिलिंडरवरच ठोकलेली असते, वाचायला चष्मा पुरतो. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव, बिस्किटं टाकणंही थांबवायला हवं. शेवाळ चरून प्रवाळ स्वच्छ ठेवणारा मासा पावाच्या मागे लागला तर खडपावर शेवाळ माजतं. यात आम्ही होडीवालेही दोषी आहोत. व्हिडिओत मासे दिसले नाहीत तर पाहुणा पैसे द्यायला कुरकुरतो, म्हणून आम्ही टाकतो. माझ्याही होडीत पावाची लादी असायची, गेली दोन वर्षं नसते. धंदा थोडा बसलाय.

मागणी एकच आहे. किल्ला आणि त्याच्याजवळच्या पद्मगडाच्या आसपास, जिथे आम्ही रोज जातो तिथे, निदान पंधरा बोये. जागा समुद्रविज्ञानवाल्यांनी ठरवाव्यात, आम्ही सोबत उतरून वाळू कुठे आहे ते दाखवतो. एका बोयाला एका वेळी दोन होड्या, जास्त नाही, म्हणजे गर्दीवरही आपोआप लगाम बसेल. बोया बसला की तिथे नांगर टाकणाऱ्याला दंड, पहिला मला करा. देखभाल आम्ही सात जण फुकट करतो, लिहून देतो. फक्त परवानगी देणारं टेबल एकच असू द्या. ४६.९१ कोटींच्या प्रकल्पाशेजारी हा खर्च कागदावर दिसणारसुद्धा नाही. आणि टेंडर काढून मुंबईचा ठेकेदार पाठवू नका, त्याला आमचं उधाण माहीत नसतं.

आपण एकदा यावं. डिसेंबरात अष्टमीच्या मागेपुढे, सकाळी आठला, वारा पडलेला असतो. मोठा ताफा नको, माझ्या होडीत आठच माणसं बसतात. किल्ल्याच्या मागे नेतो, आमचा ठोकळा दाखवतो, त्याच्या शेजारी फुटून पांढरे पडलेले गोळेही दाखवतो. खाली उतरायचं नसेल तर वरून नुसता मास्क लावून बघा, भांगाला तेवढंही दिसतं. त्या दिवशी मी नांगर टाकणार नाही. पोरगा आणि मी वल्ह्यांवर होडी धरून ठेवू.

आपला,
दांडी, मालवण येथील एक होडीवाला
(सही, नाव आणि होडीचा नंबर मूळ प्रतीवर)