सामुदायिक रेडिओला बातमीचे वावडे का?

महोदय,

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना अभ्याससहलीनिमित्त नेपाळला गेले होते, तेव्हा ललितपूर येथील ‘रेडिओ सगरमाथा’ हे केंद्र पाहण्याचा योग आला. (ललितपूरचे दुसरे नाव पाटण, आणि मीही पाटणचीच, एवढ्या ओळखीवर चहा मिळाला.) पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेने 1997 मध्ये सुरू केलेले हे दक्षिण आशियातील पहिले स्वतंत्र सामुदायिक रेडिओ केंद्र (म्हणजे नफ्यासाठी नव्हे, तर स्थानिक लोकांसाठी चालणारे) मानले जाते. निवेदिकेच्या हातातील बातमीपत्र देवनागरीत असल्याने मला ते बरेचसे वाचता आले. ‘तरकारी’चे भाव कळले, ‘पहिरो’ या शब्दाशी मात्र अडले. पहिरो म्हणजे दरड. कोणता रस्ता दरडीने बंद आहे याची ती बातमी होती आणि ती केंद्राच्याच वार्ताहराने आणलेली होती.

आपल्याकडे हे चालत नाही. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला, 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले आणि म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रे उभी राहिली, परंतु या केंद्रांनी बातम्या द्यायच्या त्या आकाशवाणीच्या, आणि त्याही जशाच्या तशा किंवा फार तर स्थानिक भाषेत अनुवाद करून. नैसर्गिक आपत्तीविषयीची सूचना देता येते, पण ती स्थानिक प्रशासनाकडून आलेली असावी लागते. जुलै 2021 मध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी केंद्राच्या माणसाने कोसळलेला डोंगर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तरी त्याने प्रशासनाच्या निरोपाची वाट पाहत बसावे, असा या नियमाचा अर्थ होतो.

गैरवापराची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. मात्र कोणीही मोबाइलवरून वाटेल ते पसरवत असताना, परवाना घेतलेल्या आणि जेमतेम 10-15 किलोमीटर ऐकू जाणाऱ्या केंद्रावरच एवढा अविश्वास का? नेपाळमध्येही 2005 मध्ये राजाने सत्ता हाती घेतल्यावर एफएमवरील बातम्यांवर बंदी आली होती, सगरमाथाची यंत्रसामग्रीही जप्त झाली होती. तरीही तेथे बातम्या पुन्हा सुरू झाल्या. आपल्या केंद्रांना प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावेच लागते. केंद्र सरकारने निदान तालुक्यापुरत्या बातम्यांना परवानगी द्यावी आणि तक्रार आल्यास ते ध्वनिमुद्रण तपासावे.

— एक वाचक, पाटण (जि. सातारा)