घड्याळ दुरुस्तीला देऊ नका

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, अण्णाकाका गेल्यापासून घड्याळ मागे पडायला लागलंय, कुणाला तरी दाखवून घेतो. मागून आईचा आवाज आला, "उन्हाळा आहे, चालायचंच." फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आई, उन्हाळ्याचा दोष आहे, पण अगदी थोडा. लंबकाची दांडी पोलादी. ती तापली की लांबते आणि झोका सावकाश होतो. पण पारा 10 अंशांनी चढला तरी दिवसाला जेमतेम 5 सेकंदांचा फरक पडतो. आपलं घड्याळ मिनिटांनी मागे पडतंय, म्हणजे लंबकाचा गोळा खाली सरकला असणार. बाबा, लंबक थांबवा आणि गोळ्याखालचा नट अगदी किंचित फिरवून गोळा वर घ्या. आपला लंबक पाव मीटरच्या आसपासचा आहे. त्यात एका मिलिमीटरने दिवसाला जवळजवळ 3 मिनिटं इकडची तिकडे होतात. एकदा फिरवलात की पुढचा पूर्ण दिवस हात लावू नका. तुम्हाला तासाभरात बघायची घाई असते, आणि अण्णाकाका त्यावरूनच तुम्हाला बोलायचे.

हा हिशोब त्यांनी मला परकराच्या वयात शिकवला. हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, हे शाळेतल्या बाईंच्या आधी मला त्यांच्याकडून कळलं होतं. कान लावायलाही त्यांनीच शिकवलं. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ लंगडतंय, भिंतीवर तिरकं बसलंय. अण्णाकाका घड्याळ ओळंब्याने नाही, कानाने सरळ करायचे.

आमच्या दादाचा मुलगा जन्मला तेव्हाचं आठवतं? रात्री ठोके पडले की बाळ दचकून उठायचं. कुणीतरी सुचवलं, ठोक्यांची चावीच देऊ नका. अण्णाकाका तयार होईनात. त्यात ठोके मोजणारी खाचांची चकती असते, तिला काटे कुठे आहेत याची दखल नसते. ती फक्त पुढच्या खाचेपर्यंत जाते. ती मधेच थांबली की नंतर काटे पाचावर आणि ठोके दोन, असा गोंधळ. म्हणून त्यांनी हातोडीच्या टोकाला जुन्या टोपीतल्या जाड लोकरी कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधला. ठोके पडत राहिले, फक्त धप् धप् असे. बाळही झोपलं आणि घड्याळाचा हिशोबही चुकला नाही. तो तुकडा आत कोपऱ्यात अजून असेल, बघा.

लोक त्यांना छांदिष्ट म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. छंदापायी माणूस घरापासून तुटतो, तसं त्यांचं नव्हतं. मागची खोली रिकामी असताना त्यांनी वाईस, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, बसवला तो बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या पायात. आईचा तेव्हा किती संताप व्हायचा! तुझी चांगली स्टीलची वाटी स्क्रू ठेवायला, दुसरी रॉकेलात छर्रे धुवायला. टॉवेलाला ग्रीस. त्याबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण आमचे अभ्यास, तुमची भांडणं, पाहुणे, सगळं त्यांच्या कानसेच्या आवाजात चालायचं, आणि मधेच मान वर करून ते उत्तरही द्यायचे.

काकूची बोटं आखडली तेव्हा ते ज्या तऱ्हेने वागले, ते तर मी जवळून पाहिलंय. शिवणयंत्राचं चाक तिला धरवेना. त्यांनी चाकाला लाकडाची जाड मूठ बसवली. ती लावण्याआधी तिच्या तळव्याचा आकार कागदावर काढून घेतला, लाकूड तासलं, पॉलिश पेपर मारला, तिला धरायला लावलं, पुन्हा तासलं. "अजून टोचतंय का?" हाच प्रश्न दिवसभर. काकू शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, मला शिवायचंय, मूठ नाही पुजायची."

आता हत्यारांचं. बाबा, वाईस जागेवरच राहू दे. पाने आणि पक्कड दादाच्या मुलीला द्या. मागच्या खेपेला तिने सायकलचं डावं पेडल स्वतः काढलं. त्याचे आटे उलटे असतात, पाय मारता मारता सैल होऊ नये म्हणून. हे तिला मी सांगितलं नव्हतं, दादाला तर माहीतच नाही. अण्णाकाकांनीच कधीतरी दाखवलं असणार. फिलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या त्या पातळ पट्ट्या, आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरांचा डबा माझ्यासाठी ठेवा.

चावी दोन्ही भोकांत द्या, नेहमीच्या वारी. चाकांचे दात कोरडेच असू देत. तेल लागतं ते फक्त आसांच्या टोकांना, सुईच्या अग्रावर मावेल एवढं, आणि ते मी येईन तेव्हा घालीन. तोवर बाबा, स्वयंपाकघरातलं तेल घालून बघू नका. ते चिकट होतं आणि सगळी चाकं जाम होतात. आई, बाटलीवर लक्ष ठेव.

तुमची लेक