शंभरातून सात वजा करा काका, लवकर!

माननीय संपादक,
स.न.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी मोफत मेमरी तपासणीचं शिबिर होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. ह्यांचं वय ७४, माझं ६९. दुपारी अडीचची वेळ, तासभर रांगेत उभं, माईकवरून कोणाचं तरी स्वागत चालूच, आणि टेबलापलीकडे एक तरुण मुलगी, बिचारी तीही घाईतच. तिने आधी तीन शब्द सांगितले, हे लक्षात ठेवा म्हणाली, मग म्हणे शंभरातून सात सात वजा करत जा. आयुष्यभर अकाउंट्समध्ये काढलेला माणूस, वाण्याचं बिल आजही तोंडी जुळवतो, पण ८६ वर जो अडकला तो अडकलाच, घाम फुटला, त्यात मागून कोणीतरी "चला काका लवकर" म्हणालं. तीनपैकी एकच शब्द आठवला. कागदावर आलं, स्मरणशक्ती कमी. रिक्षात ह्यांनी एक शब्द काढला नाही. घरी येऊन चहा ठेवला, पहिलाच घोट घेतला आणि म्हणाले, "सफरचंद, टेबल, नाणं!"

मग मी जरा वाचत बसले (रिटायर्ड शिक्षिकेला दुसरा उद्योग काय). किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी असतात, टेन्शन आलं की त्या कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सोडतात, ते थेट मेंदूत पोचतं. मेंदूत आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तिथेच हे हार्मोन जाऊन चिकटतं, हे ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांवर १९६८ सालीच दाखवलं होतं. गंमत म्हणजे टेन्शनमध्ये घडलेली गोष्ट पक्की कोरली जाते, म्हणून लग्नातला मानपान चाळीस वर्षांनीही आठवतो, पण आधीपासून माहीत असलेलं ऐन वेळी बाहेर काढायचं म्हटलं की तेच हार्मोन दार अडवून बसतं. आपला पिन नंबर काउंटरवर आठवत नाही आणि पायरी उतरताना आठवतो, तो असा.

हे झालं तासाभराचं. वर्षानुवर्षं कॉर्टिसोल चढतं राहिलं तर मामला वेगळा. कॅनडात माँट्रियलला सोनिया ल्युपियन यांनी म्हाताऱ्या माणसांचं कॉर्टिसोल काही वर्षं मोजलं, ज्यांचं चढत गेलं होतं ते स्मरणाच्या चाचणीत मागे पडले आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा १४ टक्के लहान निघाला, हे १९९८ मध्ये छापून आलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत सत्तरीतल्या बायका-पुरुषांची लघवी अडीच वर्षांच्या अंतराने तपासली होती. कॉर्टिसोल वाढलेल्या बायकांची स्मृती घसरलेली दिसली, पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. हे मी मोठ्याने वाचलं तर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका.

पण मला खरं सांगायचंय ते ल्युपियन यांच्याच टीमच्या २०१३ च्या कामाबद्दल. त्यांनी विचार केला की या मेमरी टेस्टचंच म्हाताऱ्यांना टेन्शन येत असेल तर? अनोळखी जागा, गैरसोयीची वेळ, असं असलं की म्हाताऱ्यांचं कॉर्टिसोल वर आणि मार्क खाली, आणि सोयीची जागा, सोयीची वेळ दिली की दोन्ही सुधारतं. तरुणांना मात्र कुठेही बसवा, फरक नाही. म्हणजे आमच्या हॉलमध्ये नक्की काय मोजलं हो, स्मरणशक्ती की घबराट?

विसरणं सगळं टेन्शननेच होतं असं मी म्हणत नाही. आम्ही नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी बी१२ आणि थायरॉईड करायला लावलं, ते करायलाच हवं. आणि हो, त्यांनी सकाळी दहाला बोलावलं, आधी पाणी दिलं, गाव कुठलं विचारलं, मग तोच सात वजा करायचा प्रकार केला. हे थेट दोनपर्यंत जाऊन थांबले, मग म्हणाले, "पुढे उधारीत जाऊ का?"

शिबिरं भरवणाऱ्यांनी एवढं करावं, सकाळची वेळ ठेवा, रांगेऐवजी खुर्च्या द्या, माईक बंद करा आणि टेस्ट आडोशाला घ्या. आणि "स्मरणशक्ती कमी" असं लिहून तो कागद सगळ्यांसमोर हातात देऊ नका, तो अजून आमच्या फ्रिजवर आहे, ह्यांनीच लावलाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली