बेचाळिसाव्या दिवशी बाळाची झोपायची जागाही पाहावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आशाताईंच्या उजळणी प्रशिक्षणाचे नियोजन करताना तान्ह्या बाळाच्या सुरक्षित झोपेसाठी वेगळे सत्र ठेवावे आणि ते बेचाळिसाव्या दिवसाच्या गृहभेटीशी जोडावे, अशी विनंती आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. त्यानंतरची ठरलेली गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचा धोका मात्र पहिल्या ते चौथ्या महिन्यातच सर्वाधिक असतो. मध्ये लसीकरणासाठी बाळ उपकेंद्रावर येते हे खरे, पण तिथे त्याचे अंथरूण कोणाला दिसत नाही. शिवाय आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. दीड-दोन महिन्यांनी लेक बाळाला घेऊन सासरी गेली की गाव बदलते, आशाताई बदलतात आणि बाळाला झोपवणारी माणसेही बदलतात. म्हणून शेवटच्या भेटीत हे सांगायचे राहून गेले, तर ते राहूनच जाते.

सांगायचे तसे थोडकेच आहे. बाळाला प्रत्येक वेळी, दुपारीसुद्धा, पाठीवर झोपवावे; अंथरूण सपाट आणि घट्ट असावे; तोंडाजवळ उशी किंवा सैल दुपटे नसावे; बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावे; खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पोटावर न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ पासून तिची जनमोहीम झाली आणि पुढच्या दशकभरात असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

अडचण येते ती घरात. पाटण-जावळीकडे थंडीत बाळंतिणीची खोली बंद, कोपऱ्यात शेगडी, डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी आणि अंगावर जाड वाकळ, असे दृश्य नवे नाही. तिथे पाठीवर झोपवायला सांगितले की आजी म्हणते, ‘उताणं निजवलं तर दूध घशात जाईल.’ ही भीती खोटी ठरवून चालत नाही, तिचे उत्तर द्यावे लागते. बाळ उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे उलटून आलेले दूध सहसा तिच्यात शिरत नाही. पालथ्या बाळात हेच उलटे होते. प्रशिक्षणात बाहुली आणि सलाइनच्या दोन नळ्या घेऊन हे प्रत्येक आशाताईकडून करून घ्यावे. पडद्यावरची चित्रे पाहून आजीला उत्तर देता येत नाही.

उबेबाबतही गोंधळ होतो. कमी वजनाच्या बाळाला ऊब हवीच आणि आशाताईंना ते नीट शिकवलेले असते. पण त्यांच्या पिशवीत थर्मामीटरही असतो. काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असेल, तर आणखी एक पांघरूण घालू नये, आणि मान घामेजली असेल तर असलेले एक काढावे, हे आईसमोर मोजूनच दाखवता येईल. बंद खोलीतली शेगडी मात्र रात्री बाहेर काढलीच पाहिजे.

वेगळे अंथरूण म्हणजे विकतचा पलंग असे सांगू नये. एका खोलीच्या घरात आईच्या हाताच्या अंतरावर चटई आणि तिच्यावर ताणून घातलेली गोधडीची घडी पुरते. सपाट तळाचा पाळणा चालेल. झोळीत मात्र हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून लहान बाळाला तिच्यात झोपलेले सोडू नये. (बारशाला आहेरात येणारे मऊ गादी-लोडही बाळाजवळ नकोत.) वाळवा, कराड भागात हंगामात ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या पडतात. दिवसभर राबलेली आई बाळाला कुशीत घेऊनच झोपी जाते. निदान दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळ ठेवू नये, एवढे तरी तिथे स्पष्ट सांगायला हवे. ते सांगणे अवघड असते, म्हणून त्याचा सराव प्रशिक्षणातच व्हावा.

आशाताईंवर नोंदींचा भार आधीच पुष्कळ आहे, त्यामुळे नवी वही नको. गृहभेटीच्या सध्याच्याच तक्त्यात ‘झोपायची जागा पाहिली’ एवढा एक रकाना वाढवावा आणि गटप्रवर्तकांनी अधूनमधून भेटीला सोबत जावे. घरी झोपेत बाळ दगावले, तर ‘दूध छातीत गेलं’ एवढ्यावर विषय संपतो. बालमृत्यू अन्वेषणात ते कसे आणि कोणाजवळ झोपवले होते, हेही विचारले जावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. सातारा