बायबल निकियात ठरले नाही

संपादक महोदय,

बायबलमध्ये कोणते ग्रंथ घ्यायचे हे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथील ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेत ठरवले, असे व्हॉट्सॲपवर सर्रास फिरते. हल्ली लेखांतही वाचायला मिळते. त्याला आधार नाही. इ.स. ३२५च्या या परिषदेने केलेल्या २० नियमांत ग्रंथांच्या यादीचा उल्लेखही नाही. वाद होता अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याच्या शिकवणीचा. पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला, असे तो सांगे. परिषदेने ते फेटाळले. परिषदेच्या निर्णयावर सही न करणारे दोन बिशप एरियससह हद्दपार झाले. एवढ्यावर वाद मिटला म्हणावे, तर निकियाचा खंदा समर्थक अथनेशियस पुढे पाच वेळा हद्दपार झाला! ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत घोंगडे भिजतच होते. परिषद सम्राटाने बोलावली, एवढे मात्र खरे.

— एक वाचक, वसई