जळकं ऑइल द्यायचं कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईत ऐरोलीला राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. माझ्याकडे २००६ ची सॅन्ट्रो आहे. पंधरा वर्षं भरल्यावर, २०२१ मध्ये, पर्यावरण कर भरून तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं. तिचं ऑइल मी घरीच बदलतो. पूर्वी गॅरेजला द्यायचो, पण एकदा तिथल्या मुलाने चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा, नट इतका आवळला की पुढच्या खेपेला आटेच निघून आले आणि अख्खं चेंबर बदलावं लागलं. तेव्हापासून सतरा नंबरचा पाना मी दुसऱ्याच्या हातात दिलेला नाही.

काम अवघड नाही, घाई मात्र करायची नाही. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट केलं की तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. मागच्या चाकांना विटा लावायच्या, पुढून जॅक, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही. गाडी तोलून धरायला दोन घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, हव्यातच. नट शेवटच्या आट्यावर आला की बोटाने वर दाबत फिरवायचा आणि झटकन बाजूला घ्यायचा. काळी धार टबात पडते, हळूहळू सुतळीएवढी होते, मग थेंब सुरू होतात. गॅरेजमध्ये धार तुटली की लगेच नट लावतात. मी अर्धा तास थांबतो. तेवढ्यात तेल चिमटीत चोळून बघतो, कणकण लागली तर बेअरिंग झिजतंय असं समजायचं. नवा वायसर, नवा फिल्टर, आणि नट आधी हाताने बसवून मगच पान्याने बेताचा आवळायचा. जुना फिल्टर रात्रभर नरसाळ्यात उलटा ठेवला तर त्यातूनही वाटीभर तेल निथळतं.

इथवर सगळं माझ्या हातात आहे. पुढे तीन लिटर जळकं ऑइल उरतं आणि ते द्यायचं कुठे हे मला कोणी सांगत नाही.

कारखान्यात आम्ही गिअरबॉक्सचं तेल काढलं की ते ड्रममध्ये, ड्रमवर चिठ्ठी, रजिस्टरला नोंद, आणि परवानाधारक माणूस घेऊन गेला की त्याचा कागद फायलीला. वापरलेलं तेल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडतं. माझ्या सॅन्ट्रोतलं तेल त्याहून वेगळं नाही, त्यातही धातूची पूड आणि काजळी असतेच. पण गेटच्या आत ज्याचा लिटरा-लिटराचा हिशेब होता, त्याला गेटच्या बाहेर जागाच नाही. महापे आणि तळोज्याला धोकादायक कचऱ्याची केंद्रं आहेत, ती कारखान्यांसाठी. भंगारवाल्याला तीन लिटरचं काय करायचं? एका ओळखीच्याने स्लॅब ओतायच्या सेंटरिंगच्या फळ्यांना लावतो म्हणून मागितलं. मी दिलं नाही, कारण पहिल्या पावसात ते धुऊन जाणार.

धुऊन कुठे जाणार, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझाच पाय टबाला लागला आणि थोडं तेल सांडलं. भुसा आणेपर्यंत सर आली. सात रंगांचा तवंग फरशीवरून निघाला तो पावसाळी गटारात शिरला, आणि मी भुशाची पिशवी हातात घेऊन नुसता बघत राहिलो. घरातलं सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं. पावसाळी गटाराचं तसं नाही. ते पाणी नाल्यांतून आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावांतून थेट खाडीला मिळतं. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. फ्लेमिंगो जो चिखल चाळतात त्याच चिखलात इथल्या दिवा गावचे कोळी निवट्या मासे आणि खेकडे धरतात. ते आमच्याच बाजारात येतात, आम्हीच खातो.

घरी गाडीचं काम करणारा मी एकटा नाही. रिक्षावाले आहेत, टेम्पोवाले आहेत, पार्सल पोचवणारी पोरं रस्त्याच्या कडेला बाइकचं ऑइल बदलतात. त्यांना दोष देऊन काय होणार? त्यांनी ते न्यायचं कुठे?

१ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी नवं तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आली आहे. मग ज्या दुकानातून मी नवा कॅन घेतो, तिथेच जुनं तेल परत घ्यावं. रिकामा कॅन तर प्रत्येकाकडे असतोच. शिवाय महापालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयाशी महिन्यातून एक रविवार एक झाकणाचा ड्रम आणि एक माणूस ठेवावा. पाणी किंवा कूलंट मिसळलेलं तेल त्यात घेऊ नये, एवढं त्या माणसाला शिकवलं की झालं. फिल्टरसाठी वेगळी पेटी ठेवावी.

माझ्या गॅलरीत आज चार कॅन उभे आहेत, बुचं घट्ट लावलेले, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले. जागा सांगा, मी स्वतः आणून देतो.

आपला,
एक निवृत्त फिटर, ऐरोली