मोटरसायकलमध्ये स्कूटरचं ऑइल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय.

विषय : अधिकृत सर्व्हिस सेंटरने चुकीचे इंजिन ऑइल भरल्याबाबत व क्लच प्लेटची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी राहतो कासारवडवलीला आणि नोकरी वागळे इस्टेटमध्ये. आपली १५० सीसी मोटरसायकल चार वर्षं वापरतोय. आजवरचं प्रत्येक सर्व्हिसिंग ठाण्यातल्या आपल्याच अधिकृत सेंटरला केलं. गाडीबद्दल काहीच म्हणणं नाही. गाडी गुणाची आहे.

मार्चमध्ये ऑइल बदलून घेतलं. पुढच्याच रविवारी बायकोला मागे बसवून मीरा रोडला निघालो. गायमुखच्या चढावर ॲक्सिलरेटर पिळला तर आरपीएमचा काटा वर, इंजिनचा नुसता आरडाओरडा आणि गाडी काही पुढे सरकेना. एक भरलेली रिक्षासुद्धा आम्हाला मागे टाकून गेली.

सेंटरला गेलो. ॲडव्हायझरने चक्कर मारून न पाहताच निकाल दिला, "काका, तुम्ही हाफ क्लचवर चालवता, प्लेट गेल्या." घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामातून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. मलाही पटलं. प्लेट, मजुरी आणि पुन्हा नवीन ऑइल मिळून २,३४० रुपये मोजले. अठरा दिवसांनी गाडी पुन्हा स्लिप मारायला लागली.

माझी एक सवय आहे. गाडीत ऑइल जातं ९०० मिली आणि बिल लागतं एक लिटरचं, म्हणून उरलेल्या ऑइलची बाटली मी घरी आणतो. बाल्कनीच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती. ऑइल सोडताना बाटली आडवी धरली तेव्हा मागचं लेबल डोळ्यांसमोर आलं. पुढे ठळक अक्षरात ४टी, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनचं, आणि दाटपणाचा ग्रेड १०डब्ल्यू-३०. तेही अगदी गाडीच्या पुस्तिकेत दिलंय तसंच. मागे मात्र मुंगीच्या अक्षरात : जासो एमबी. पुस्तिकेत छापलंय जासो एमए.

हा एका अक्षराचा फरक आपल्याला मी समजावून सांगावा, हेच खरं तर विचित्र आहे. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना एकच ऑइल. क्लच प्लेट त्यातच भिजलेल्या असतात आणि एकमेकींना घट्ट धरण्यासाठी त्यांना घर्षण लागतं. एमबी ऑइल घर्षण कमी करणारं. स्कूटरचा क्लच कोरडा, त्याला ऑइल लागतच नाही, म्हणून तिथे ते उत्तम. जासो म्हणजे जपानी वाहन उद्योगाची मानकं, आणि त्यांची ही एमए-एमबी वर्गवारी १९९८ पासूनची आहे. माझ्या गाडीवर काम करणारा मुलगा तेव्हा जन्मलाही नसेल. त्याच्यावर माझा राग नाही. एकसारख्या बाटल्या एकाच रॅकवर ठेवल्या तर हाताला येईल ती तो उचलणारच.

शेवटी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडून त्याच ग्रेडचं साधं मिनरल, पण एमएच्याच गटातलं एमए२ ऑइल भरून घेतलं. शंभरेक किलोमीटरमध्ये क्लच पकडायला लागला. आता गायमुखचा चढ डबलसीट निमूट चढते. म्हणजे जुन्या प्लेट गेल्याच होत्या, हे आपलं सेंटर कशावरून म्हणतं? त्या मला परतही दिल्या नाहीत.

दुसरी गोष्ट ऑइल बदलण्याच्या अंतराची. पुस्तिकेत ६,००० किलोमीटर, आणि सेंटरवाले टाकीवर स्टिकर चिकटवतात २,००० चं. विचारलं तर डिपस्टिक पुसलेलं फडकं नाकासमोर धरतात : "बघा, काळं झालंय." अहो, काजळी आणि घाण स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, ते काळं होणारच. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर घाबरावं, कारण आत पाणी गेलेलं असतं. मी स्वतः ३,००० ला बदलतो. माजिवड्यापासून कापूरबावडीपर्यंत इंजिन चालू आणि मीटर बंद अशी अवस्था असते. किलोमीटर कमी भरले तरी इंजिन तासन्‌तास तापतं. पण हा निर्णय माझा. कंपनीने एक छापायचं आणि सेंटरने दुसरंच चिकटवायचं, हे चालणार नाही.

क्लचच्या कामाचे २,३४० आणि आधीच्या ऑइलचे ४२० रुपये परत करावेत. बिलावर ऑइलच्या ग्रेडसोबत एमए की एमबी हे लिहायची सक्ती करावी. ६,००० खरं की २,०००, ते लेखी कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

बाटली माझ्याकडेच आहे, तळाला बोटभर ऑइलही शिल्लक आहे. आपला माणूस आला तर दाखवीन. हातात मात्र देणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक,
कासारवडवली, ठाणे (प.)

सोबत : दोन्ही बिलांच्या प्रती, बाटलीच्या मागच्या लेबलचा आणि टाकीवरच्या स्टिकरचा फोटो.